गाडीच्या आधी जॅक

मला खोली भाड्याने देताना त्यांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्न कधी करणार हेही विचारलं नाही. ओसरीवर बसून, चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी एकच प्रश्न केला.

"मास्तर, तुमच्या नात्यात कुणाची मोटार आहे का? चालू नको. बंद पडलेली हवी."

माझ्या नात्यात सायकल असलेला एक मामा तेवढा होता. तसं मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"सायकलला जॅक लागत नाही," ते म्हणाले, आणि माझ्यातला त्यांचा रस तिथेच संपला. खोली मात्र मिळाली. भोरच्या हायस्कुलात नव्याने लागलेल्या मास्तराला तेवढं पुष्कळ होतं. पानशेत फुटून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील.

हे माझे घरमालक पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची बरीच नोकरी भाटघरच्या धरणावर गेली. गाव त्यांना तोंडावर ओव्हरसियर म्हणायचं आणि पाठीमागे जॅकवाले. अंगणात जांभळाखाली त्यांची काळी विलायती मोटार उभी होती. उभी म्हणजे विटांच्या थरांवर ठेवलेली. चाकं काढून माळ्यावर टाकली होती, टायर उन्हाने खराब होऊ नयेत म्हणून. माळ्यावर ते उंदरांनी खाल्ले, पण उन्हापासून वाचले. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. पुढच्या सीटवर काकू, म्हणजे ओव्हरसियरांच्या पत्नी, उन्हाळ्यात सांडगे वाळत घालत. काचा वर केल्या की कावळ्यांची कटकट नाही आणि ऊन तर चांगलंच लागतं. इतकी उपयोगाची मोटार साऱ्या तालुक्यात दुसरी नसेल. चालत नव्हती, एवढंच.

ती का चालत नव्हती, हे काकूंनी मला लसूण सोलता सोलता सांगितलं. संस्थान विलीन झालं तेव्हा कुणा बड्या अधिकाऱ्याने आपली मोटार काढून टाकली आणि ती ओव्हरसियरांनी घेतली. पुण्याहून स्वतः चालवत आणायला गेले. इकडे काकूंचे वडील जावयाची मोटार बघायला म्हणून मुद्दाम भोरला येऊन बसले. गाडी कात्रजचा घाट चढली, उतरली, आणि कापूरहोळच्या अलीकडे तिचा टायर बसला. गाडीत जास्तीचं चाक होतं, पाना होता. जॅक नव्हता. त्या रस्त्याने तेव्हा कितीशा मोटारी जात? बराच वेळ वाट बघून शेवटी कुणाची तरी बैलजोडी जुंपली आणि विलायती मोटार बैलांमागून भोरात शिरली. नेमकी शाळा सुटायची वेळ. पोरं ओरडत मागून येत होती. सासरे ओसरीवर उभे होते.

"मग काय म्हणाले तुमचे वडील?" मी विचारलं.

"काही नाही. बैलांना पाणी दाखवा म्हणाले."

त्या दिवसापासून ओव्हरसियरांनी गाडीला हात लावला नाही. आधी तिचा जॅक, मग गाडी, असं त्यांनी ठरवून टाकलं. आता साधा माणूस बाजारातून एखादा जॅक आणून मोकळा झाला असता. पण या गाडीची तऱ्हा निराळी होती. तिच्या दाराखाली दोन्ही बाजूंना एकेक चौकोनी खोबण होती. त्या खोबणीत जॅकची लोखंडी जीभ अडकवायची आणि दांडा फिरवला की गाडीची ती अख्खी बाजू, पुढच्या-मागच्या चाकांसकट, वर उचलली जायची. तशी जीभ फक्त त्या गाडीच्या जॅकला असे. तसल्या गाड्या आपल्या देशात आल्याच मुळात थोड्या, आणि त्या आणणारे परत विलायतेला गेलेले. गाडी विटांवर चढवली ती हमालांनी पहारी लावून. तशीच खाली उतरवता आली असती. पण हमालांनी उचललेली गाडी ओव्हरसियरांच्या मते उचललेली नव्हतीच.

"उचलता येत नाही ते चालवू नये," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते त्यांनी पंचवार्षिक योजनेला लावलं, आमच्या शाळेला लावलं, आणि माझं लग्न ठरलं तेव्हा मलाही ऐकवलं. जगातल्या सगळ्या माणसांचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार. एक स्क्रू जॅक. हळूहळू चढतो, पण जिथे ठेवाल तिथे राहतो. दुसरा तेलावर चालणारा बाटली जॅक. झटकन चढतो आणि सकाळी बघावं तर खाली बसलेला. आमचे हेडमास्तर बाटली जॅक होते. तालुक्याला भाषण करून गेलेले एक मंत्री तर गळका बाटली जॅक होते. मी कोण, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

दर रविवारी पहाटेच्या पहिल्या एसटीने ते पुण्याच्या जुन्या बाजाराला जात. मी हौसेने एकदा त्यांच्याबरोबर गेलो. मोडक्या शिलाई यंत्रांपासून पुरात वाहून आलेल्या दाराच्या कड्यांपर्यंत तिथे सगळं जमिनीवर मांडलेलं. ओव्हरसियरांची तिथली पद्धत फार धूर्त होती. जॅकची गरज आहे हे भंगारवाल्याला कळता कामा नये, म्हणून ते आधी कंदील बघत. कंदिलाची वात बघत, काच बघत, नाक मुरडत, आणि जाता जाता सहज पाय लागल्यासारखं करून विचारत, "आणि हे काय लोखंड आहे?" ही युक्ती इतकी वर्षं इतक्या चोखपणे चालली होती, की आम्ही पोचताच एक म्हातारे भंगारवाले चाचा उठून उभे राहिले.

"साहेब, कंदील मागाहून बघा," चाचा म्हणाले. "जॅक पोत्याखाली ठेवलेत. दुसऱ्या कुणाला दाखवले नाहीत."

दुसरं कुणी बघणार होतं असं नाही. पण ओव्हरसियर खूश झाले. पोत्याखालचा एकही जॅक त्यांच्या गाडीचा नव्हता. प्रत्येकाची जीभ त्यांनी कापडी टेपने मोजली, मान हलवली आणि तरी दोन घेतले.

"हे कशाला?" मी परतीच्या गाडीत विचारलं.

"हा आपला नाही याची खात्री झाली ना? आता तो दुसऱ्या कुणाची फसवणूक करणार नाही."

अशा खात्री झालेल्या जॅकांनी घर भरलं होतं. न्हाणीघराच्या दाराला एक जॅक, तुळशीवृंदावनाच्या मागे ओळीने जॅक, पडवीत तर पाय ठेवायला जागा नाही. काकूंनी त्यातले काही कामाला लावले होते. श्रीखंडाचा चक्का जॅकखाली दाबत. लोणच्याच्या बरणीवर जॅक असे. नव्या पाहुण्याला त्या दारातच सांगत, "बघून या हं. पाय मोडला तर उचलायची सोय आहे, पण बसवायची नाही."

कंडक्टर लोक त्यांना ओळखून होते. जॅक घेऊन कुणी बसमध्ये चढलं की बाकीच्यांच्या पायांची काळजी असते. तेव्हा ओव्हरसियरांना शेवटच्या सीटवर, पिशवी मांडीवर घेऊन बसायची अट होती. ती त्यांनी मानाची जागा समजून पाळली.

या सगळ्यात एक दिवस वेल्ह्याच्या गाडीचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याच्या पुढे एका वस्तीवर, एका म्हातारीच्या घरात त्याने एक जॅक पाहिला होता. "त्याला फुडं जिबेसारकं हाय बगा," तो म्हणाला. ओव्हरसियर जेवत होते. ते तसेच उठले आणि हात धुवायचेही विसरले. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मलाही ओढून नेलं.

कापूरहोळ, नसरापूर, वेल्हे, आणि पुढे भातखाचरांच्या बांधावरून पायी. घर मातीचं, कौलारू. म्हातारी दारात नाचणी पाखडत होती. ओव्हरसियरांनी नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही. सरळ आत शिरले आणि मधल्या खांबापाशी जमिनीवर पालथे पडले. खांबाचा खालचा भाग वाळवीने खाल्लेला होता. तेवढा कापून टाकून उरलेला खांब एका जॅकवर टेकवलेला. वरची तुळई, तिच्यावरचे वासे आणि सगळी कौलं, अशी ती अर्धी खोली त्या जॅकच्या जिभेवर उभी होती. ओव्हरसियरांनी टेप काढली.

म्हातारी सूप घेऊन आत आली. "कोन हाय हे?" तिने मला विचारलं. "सर्वेवाले हायती का? हितं बी धरन बांधत्यात काय?"

मी काय ते समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. एवढ्यात ओव्हरसियर उठून बसले. कपाळाला माती लागली होती आणि डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "हा माझ्या गाडीचा जॅक आहे."

"असंल की. घरबी तुमच्या गाडीचंच असंल, तेबी न्या," म्हातारी म्हणाली.

मग पाणी आलं, गूळ आला. तिचा नवरा धरणाच्या कामावर होता. तिथल्या कुणा साहेबाची मोटार दरीत गेली आणि पडलेल्या सामानातून त्याने हे लोखंड उचलून आणलं. खांब बसला तेव्हा त्यानेच ते खाली लावलं, आणि पुढे दोन पावसाळ्यांत तोच गेला. मुलगी नांदायला गेलेली, घरात ही एकटी.

"आमी दुसरा जॅक देतो," ओव्हरसियर म्हणाले. उत्साहाच्या भरात तेही आमी म्हणू लागले होते. "ह्याच्यापेक्षा दणकट. दोन देतो."

"लोखंड नगं मला," म्हातारी म्हणाली. "लई झालं. पावसात भुई मऊ पडती, हे थोडं थोडं खाली बसतंय. मग वरून माती गळती. म्या दांडा लावून फिरवती, पुन्ना बसतंय. पाऊस लागला की म्या आत झोपत न्हाई, गोठ्यात म्हशीपाशी निजती. तुमास्नी लोखंड पायजेल ना? मला खांब आना. लाकडाचा, आक्का. खांब घाला आन् ह्ये घिऊन जावा."

मागणी अगदी रास्त होती. त्यामुळे ओव्हरसियर अडचणीत आले. त्या बाजूला रानातलं लाकूड तोडायचं तर परवानगी हवी, आणि सरकारी परवानगीला किती काळ लागतो हे सरकारात जन्म काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आठवड्याभराने मी शाळेतून आलो तर मागच्या पडवीत काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पडवीचा एक सागवानी खांब नाहीसा झाला होता. त्याच्या जागी लाकडी ठोकळ्यांची उतरंड, आणि तिच्यावर, छपराला टेकलेला, एक बाटली जॅक.

"बघा मास्तर," काकू म्हणाल्या. "म्हातारीचं घर जॅकवर होतं म्हणून हे कळवळले. आता आमचं ठेवलंय."

"तात्पुरतं आहे," ओव्हरसियर म्हणाले.

"बाटली जॅक आहे तो. तुम्हीच म्हणता सकाळी बसतो."

"रोज सकाळी पंप मारीन."

आणि खरोखर, पुढे कित्येक महिने, ते सकाळी दात घासण्याआधी पडवीला पंप मारीत.

खांब एसटीच्या टपावरून वेल्ह्याला गेला. टपावर चढवताना कंडक्टर कळवळून म्हणाला, "ओवरशेर, ह्यापरीस जॅक आनला असता तर बरं झालं असतं." वस्तीवरच्या चार बाप्यांनी तो खांद्यावरून घरापर्यंत पोचवला.

त्या दिवशी मी ओव्हरसियरांचं दुसरं रूप बघितलं. बरोबर आणलेले दोन जॅक त्यांनी तुळईखाली ओंडक्यांवर लावले, सगळ्यांना घराबाहेर घालवलं, आणि एकटे आत थांबले. म्हातारीने म्हैस सोडून लांब बांधली आणि तिच्या गळ्यावर हात ठेवून घराकडे बघत राहिली. आतून करकर ऐकू येत होती. दारातून मातीचा लोट बाहेर आला, वरची दोन-तीन कौलं घसरून अंगणात फुटली. मी हाक मारली. पुन्हा मारली.

"ओरडू नका," आतून आवाज आला. "तुळई घाबरते."

जुना खांब निघाला, नवा उभा राहिला. तो चार बोटं आखूड पडला. धरणं मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने माप चुकवलं होतं, कारण पहिल्या दिवशी त्यांनी घरातली एकच वस्तू मोजली होती. म्हातारी गोठ्यातून एक सपाट दगड लोटत घेऊन आली. तो खाली सरकवला आणि तुळई खांबावर नीट बसली. ओव्हरसियर बाहेर आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत मातीचे झाले होते. हातात तान्ह्या मुलासारखा धरलेला जॅक.

म्हातारीने त्याच्यावरची माती पदराने पुसली. "धन्यानं लावल्यालं," ती म्हणाली. "न्या. लई धरलं त्यानं." मग ती आत गेली आणि नव्या खांबाला दोन्ही हातांनी हलवून बघितलं. तो हलला नाही. "आज आत निजती म्या," एवढंच तिने आम्हाला सांगितलं आणि चहा टाकायला चुलीपाशी बसली.

गाडी उचलायचा मुहूर्त दसऱ्याचा ठरला. जॅक रॉकेलमध्ये धुतला, ग्रीस लावलं, हळद-कुंकू वाहून झेंडूची माळ घातली. हे काही गुप्त राहणं शक्य नव्हतं. सकाळपासून अंगणात माणसं जमली. एसटी स्टँडवरचा मेकॅनिक आला, आमचे हेडमास्तर आले, ज्यांनी लहानपणी बैलांमागून ओरडत मिरवणूक काढली होती ते आता बाप झालेले लोक पोरांना घेऊन आले. काकूंनी सीटवरचे सांडगे काढून घेतले. कोंबड्या हाकलल्या. नवी साडी नेसून त्या ओसरीच्या पायरीवर उभ्या राहिल्या. गाडी निघालीच तर बसायची तयारी असावी, अशा बेताने.

ओव्हरसियर गुडघ्यांवर बसले. जीभ खोबणीत गेली. इतकी बेमालूम गेली, की त्यांनी मान वळवून सगळ्यांकडे एकदा बघितलं. तेवढ्या एका क्षणात त्यांना सगळं मिळालं असावं. मग त्यांनी दांडा फिरवायला सुरुवात केली.

जॅक चढू लागला. खोबण चढू लागली. दार चढू लागलं. गाडी मात्र जागची हलली नाही. पापड मोडल्यासारखा आवाज झाला आणि दाराखालची पट्टी खोबणीसकट उरलेल्या गाडीपासून अलग होऊन वर आली. मधून तांबडा गंज भुगा होऊन विटांवर सांडला. मग मागचा भाग सावकाश खाली टेकला आणि गाडीच्या पाठीला मधोमध बाक आला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मेकॅनिक खाली वाकला, आतून हात फिरवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "चासी गेली, साहेब. खालचा सांगाडाच न्हाई उरला. कवाच गेलाय." लोक एकेक करून, आपट्याची पानं न देताच निघून गेले. हेडमास्तरांनीदेखील, आयुष्यात एकदाच, भाषण केलं नाही.

ओव्हरसियरांनी जॅक सोडवला, माळ काढली, फडक्याने पुसला. "जॅकमध्ये काही दोष नाही," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर त्यांनी बाजार सोडला. रविवारी ते घरी असत. सोमवारीही असत. रोजच असत. या गोष्टीची सवय त्या घरात कुणालाच नव्हती. पहिले काही दिवस ते भिंतीकडे बघत पडून राहिले, धड जेवत नव्हते. काकू दोनदा माझ्या खोलीत येऊन गेल्या. "मास्तर, तुम्ही बोलून बघा," म्हणाल्या. मी बोललो. धरणांबद्दल बोललो, हेडमास्तर बाटली जॅक आहेत असंही म्हणालो. ते नुसते हूं म्हणाले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे लक्ष वळवलं आणि ते जास्त वाईट झालं. डबे उंचीप्रमाणे लावून घेतले. फोडणीच्या पळीचा कोन दुरुस्त केला. चुलीत लाकूड किती घालावं यावर रोज सूचना. काकू सगळं ऐकून घेत. त्यांचं लक्ष सूचनांकडे नसायचं. त्या ओव्हरसियरांच्या ताटाकडे बघत, आज अर्धी भाकरी तरी संपली का म्हणून.

एका रविवारी पहाटे मला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. बाहेर आलो तर काकूंनी ओसरीवर त्यांची बाजाराची पिशवी, छत्री आणि फडक्यात बांधलेली भाकरी ठेवली होती. ओव्हरसियर समोर उभे होते.

"पहिली गाडी चुकेल," काकू म्हणाल्या.

"जाऊन काय आणू? आता काय राहिलंय आणायचं?"

"मला काय ठाऊक. गाडी माझी आहे का?"

"चासी मिळत नसते बाजारात. ती काय कंदील आहे?"

"जॅकसुद्धा मिळत नसतो म्हणाले होते सगळे," काकू म्हणाल्या आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. "निघा. माझा स्वयंपाक व्हायचाय."

ते बराच वेळ पायरीवर घुटमळले. मग छत्री घेतली आणि स्टँडच्या दिशेने गेले. सुरुवातीला सावकाश, आणि वळणापाशी अगदी नेहमीच्या चालीने.

संध्याकाळच्या गाडीने परतले. सदऱ्यावर गंजाचे डाग, आणि काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी हातभर लांब. काकू दारातच होत्या.

"काय मिळालं?"

"पुढचा तुकडा. आपल्याच गाडीच्या मापाचा." त्यांचा आवाज खूप दिवसांनी वर चढला होता. "चाचांनी ठेवला होता. कंदील बघूच दिला नाही त्यांनी."

"आणि बाकीची?"

"असेल कुठेतरी."

काकूंनी पोतं वर करून आतला तांबडा लोखंडी तुकडा बघितला, बोटाने खरवडून बघितला, आणि वाटेतून बाजूला झाल्या.

"पडवीत नका ठेवू," त्या म्हणाल्या. "पलंगाखाली जागा केलीय मी. सकाळीच."